औरंगपुऱ्यातला ‘ऱ्या’ कुठे गेला? मराठी वेबसाइटला फॉन्ट लावताना

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेचसे काढलेत. सगळे काढले असते तर तो मी वाटलो नसतो.)

आजचा विषय फॉन्ट. थांबा, लगेच पुढे ढकलू नका. इन्स्टावर ‘टॉप टेन मराठी फॉन्ट’वाल्या रील असतात, तसला हा एपिसोड नाही. मी स्वतः एक साइट कशी बिघडवली आणि मग कशी नीट केली, ते सांगणार आहे. त्यातून मराठी वेबसाइटला बाहेरचा फॉन्ट लावताना काय बघायचं ते आपोआप येईल.

आपल्या शहरात औरंगपुऱ्यात पुस्तकांची दुकानं आहेत, माहितीच आहे. शाळा सुरू व्हायच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्यातल्याच एका छोट्या दुकानाच्या काकांनी मला साइट करायला सांगितली. जुनी पुस्तकं, गाइडं, स्पर्धा परीक्षेचे संच. मागणी साधी होती: दुकानाचं नाव, पत्ता, फोन आणि पुस्तकांची यादी. ‘फक्त जरा भारी दिसली पाहिजे,’ एवढंच काकांचं म्हणणं.

आता ‘भारी’ म्हटल्यावर आपण काय करतो? फॉन्ट शोधतो. एका फुकटवाल्या साइटवरून मी एक झकास वळणदार देवनागरी फॉन्ट उतरवला. फाइल मोठी होती, म्हणून एका ऑनलाइन कन्व्हर्टरमधून ती लहान करून घेतली. साइटला लावली, लॅपटॉपवर बघितलं. एक नंबर! काकांना लिंक पाठवली आणि चहा प्यायला गेलो.

दहा मिनिटांत काकांचा फोन.

‘काय रे बाळा, आमच्याकडं पुस्तकं मळितील असं लिहिलंस?’

‘मिळतील लिहिलंय काका.’

‘मी वाचतोय ना. पुस्तकं मळितील. जुनी आहेत म्हणून काय झालं, असं लिहितात का? आणि पत्ता कुठला टाकलास? औरंगपुऱ्‌यात? हे गाव कुठंय?’

मी आपला माझ्या स्क्रीनकडे बघतोय. तिथे सगळं व्यवस्थित. मग मित्राचा फोन घेऊन बघितलं, तर काका खरंच बोलत होते. ‘पुस्तकं’मधल्या स चा पाय मोडलेला, ‘मिळतील’ची वेलांटी एक अक्षर पुढे सरकलेली, आणि औरंगपुऱ्यातल्या ऱ्या चे तुकडे.

हे का झालं, ते नीट समजून घेऊ. हे कळलं की बाकीचं सोपं आहे.

तुम्ही ‘मिळतील’ टाइप करता तेव्हा फोनमध्ये साठतं काय? म, मग पहिली वेलांटी, मग ळ, त, दुसरी वेलांटी, ल. म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. पण दाखवताना पहिली वेलांटी म च्या आधी दाखवायची असते. ‘पुस्तक’मध्ये स, पाय मोडायची खूण आणि त असे तीन तुकडे साठतात, पण दाखवायचं असतं ‘स्त’ हे जोडाक्षर. रफार तर आणखी गमतीदार. ‘सूर्य’मधला र साठतो य च्या आधी आणि दिसतो य च्या डोक्यावर. इंग्रजीत हा ताप नाही. ए नंतर बी साठवला की ए नंतर बी दाखवला, काम संपलं.

पूर्वी छापखान्यात हे काम माणूस करायचा. शिशाचे खिळे जुळवणारा, त्याला जुळारी म्हणायचे. इंग्रजीच्या मानाने देवनागरीच्या पेटीत कितीतरी जास्त खिळे असायचे. मुंबईतल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचं नाव झालं ते याच कामामुळे, देवनागरीचे सुबक खिळे पाडण्यामुळे. कुठल्या अक्षराशेजारी कुठला खिळा बसतो हे जुळाऱ्याच्या डोक्यात असायचं.

आज तुमच्या फोनमधला जुळारी म्हणजे हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स सगळे तेच वापरतात. नावाची गंमत सांगतो. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, आपल्या शहरात उर्दू कानावर पडतच असते. आणि फारसीत ‘बाझ’ म्हणजे उघडं. ओपनटाइप या फॉन्टच्या प्रकाराचं ते सरळ फारसी भाषांतर आहे.

पण या जुळाऱ्याला सगळं स्वतःच्या डोक्याने करता येत नाही. प्रत्येक फॉन्टच्या फाइलमध्ये अक्षरांच्या चित्रांबरोबर नियमांचं एक टेबल असतं, त्याला जीसब म्हणतात. स चा पाय मोडून पुढे व्यंजन आलं तर स चं कुठलं चित्र लावायचं, क आणि ष जवळ आले तर ‘क्ष’चं चित्र उचलायचं, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. माझ्या कन्व्हर्टरने फाइल ‘लहान’ केली ती हेच टेबल उडवून. इंग्रजी फॉन्ट असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. देवनागरीचं टेबल गेल्यावर मात्र हार्फबझला वाटतं की हा देवनागरीसाठी बनवलेला फॉन्टच नाही, आणि ते इंग्रजीसारखं एकामागे एक चित्र ठेवून मोकळं होतं. वेलांटी म च्या मागे पडली, आणि तिची कमान उजवीकडे वळलेली असल्यामुळे ती ळ च्या डोक्यावर गेली. झालं मळितील.

मग माझ्या लॅपटॉपवर बरोबर का दिसत होतं? हा माझा दुसरा शहाणपणा. सीएसएसमध्ये फॉन्टचा पत्ता देताना मी आधी ‘लोकल’ लिहिलं होतं. म्हणजे, हा फॉन्ट मशीनवर आधीच असेल तर तोच घे, नसेल तर सर्व्हरवरची फाइल आण. डिझाइन करताना तो फॉन्ट मी लॅपटॉपवर इन्स्टॉल केला होता. त्यामुळे मला दिसत होती मूळ धडधाकट फाइल आणि काकांना माझी लंगडी फाइल. तेव्हापासून नियम केलाय: जो फॉन्ट साइटला लावतोय तो माझ्या मशीनवर नसलाच पाहिजे. आणि शेवटचं बघायचं ते कुणाच्या तरी साध्या अँड्रॉइड फोनवर, स्वतःच्या फोनवर पण नाही.

मूळ फाइल घेतली, नीट साधनाने वॉफ-टू केली. वॉफ-टू म्हणजे वेबसाठी दाबून बसवलेला फॉन्ट. २०१८ साली तो डब्ल्यू-थ्री-सीचा अधिकृत मानक झाला आणि आजच्या सगळ्या ब्राउझरना चालतो. पायथनची फॉन्टटूल्स नावाची लायब्ररी आहे, तिच्यातलं सबसेट करायचं साधन भारतीय लिप्यांचे नियम आपणहून सांभाळतं. ते वापरा, अनोळखी कन्व्हर्टर नको.

पुस्तकं मिळायला लागली. पत्ता मात्र अजून अडलेला. आता तिथे दिसत होतं ‘औरंगपुर्यात’. रफार!

आपलं शहर ५२ पुऱ्यांचं, ५२ दरवाजांचं म्हणतात. औरंगपुरा, उस्मानपुरा, बेगमपुरा. मराठीत प्रत्यय लागला की औरंगपुऱ्यात, उस्मानपुऱ्याला, बेगमपुऱ्याहून. (खायच्या पुऱ्यांनाही तोच ऱ्या लागतो, पण ते जाऊ द्या.) म्हणजे या शहरातला अर्धा पत्ता त्या आडव्या, चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र वर उभा आहे. आणि हा र मराठीचा खास. हिंदीत तो लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या गोष्टींमध्ये तो पहिला मार खातो.

फरक नुसता दिसण्याचा नाही, अर्थाचा आहे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या. आचार्यांना बोलावलं तर प्रवचन होईल, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण. गोऱ्हे, कुऱ्हाडे आडनावाच्या लोकांना विचारा, सर्टिफिकेटवर आपलं नाव रफाराने छापून आलं की कसं वाटतं.

तर हा ऱ्या टाइप करायच्या दोन रीती आहेत. पहिली: साधा र, त्याचा पाय मोडायचा, मग झेडडब्ल्यूजे नावाचं एक अदृश्य अक्षर, मग य. हे अदृश्य अक्षर सांगतं की रफार करू नको, अर्धा र दाखव. दुसरी रीत: युनिकोडमध्ये या कामासाठी वेगळा ऱ आहे, खाली टिंब असलेला. तो घ्यायचा, पाय मोडायचा, पुढे य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तो शिफ्ट दाबून जे वर मिळतो. दोन्ही रीतींनी स्क्रीनवर दिसतं अगदी एकसारखं.

काकांचा पत्ता पहिल्या रीतीने टाइप झाला होता. आणि मी फॉर्ममधून आलेला मजकूर ‘स्वच्छ’ करायला जो कोड लावला होता, तो सगळी अदृश्य अक्षरं कचरा समजून झाडून टाकत होता. झेडडब्ल्यूजे गेलं, रफार आला. इथे फॉन्टचा काहीच दोष नव्हता, पण बघणारा म्हणणार की फॉन्ट खराब आहे. यावर उपाय: मजकूर साठवतानाच पहिल्या रीतीचं दुसऱ्या रीतीत रूपांतर करून टाका. एक ओळीचं काम आहे. सर्चलाही फायदा होतो, कारण दोन्ही रीती मिसळल्या की एका पानावर ‘औरंगपुऱ्यात’ शोधल्यावर निम्मे सापडतात आणि निम्मे डोळ्यासमोर असून सापडत नाहीत.

असाच दुसरा दुखरा कोपरा म्हणजे ॲ. ॲप, ॲडमिशन, आणि काकांच्या दुकानात ॲटलस. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आलं २००८ साली. त्याआधीच्या किंवा त्याकडे लक्ष न दिलेल्या फॉन्टमध्ये ते नसतंच. मग ब्राउझर ते एकच अक्षर फोनच्या दुसऱ्या कुठल्या तरी फॉन्टमधून उचलतो. ‘टलस’ वळणदार आणि ॲ सरकारी नोटिशीसारखा. फार जुना फोन असेल तर थेट चौकोनी डबा.

आता थोडं वेगळ्या गोष्टीकडे. ल आणि श. शाळेत पहिलीला शिकलेला ल आठवा: दोन पाकळ्या आणि मधे देठ. आणि श ला वरून आलेला देठ. आता फोनवर बघा, बऱ्याच ठिकाणी हिंदी वळणाचे ल आणि श दिसतील. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेबद्दल शासन निर्णय काढला आणि २०२२ मध्ये तो अद्ययावत केला. त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीसाठी ठरवलेत.

माझं वैयक्तिक मत सांगू? हिंदी वळणाचा ल दिसला म्हणून मराठीवर अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. वाचता येतो, विषय संपला. पण हे बरोबर करायला जर एक शब्द टाइप करावा लागत असेल, तर न करणं हा निव्वळ आळस आहे. तो शब्द म्हणजे भाषेची खूण. एचटीएमएलच्या सगळ्यात वरच्या टॅगमध्ये लँग बरोबर एमआर लिहायचं. मी बघितलेल्या कितीतरी मराठी साइटवर तिथे ईएन असतं, कारण टेम्प्लेटमध्ये तसं आलं आणि कुणी बदललं नाही. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणांची अक्षरं भरलेली असतात. भाषा मराठी आहे असं कळलं की तो फॉन्ट आपोआप मराठी ल आणि श काढतो. आज घरी करून बघा: एका पानावर ‘शाल’ शब्द दोनदा लिहा, एकाला लँग एमआर, एकाला लँग एचआय. दोन्ही सारखे दिसले तर तुमच्या फॉन्टमध्ये ती सोय नाही.

नसेल तर मराठी वळणाचेच फॉन्ट घ्या. गूगल फॉन्ट्सवर टिरो देवनागरी मराठी आहे. कॅनडातल्या टिरो टाइपवर्क्सने हिंदी, संस्कृत आणि मराठीसाठी वेगवेगळे काढलेत. राज्य मराठी विकास संस्थेने प्रसिद्ध केलेला यशोमुद्रा आहे, तो आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये घडला. त्याच्यावरच पुढे आयआयटी मुंबईत शोभिका नावाचा फॉन्ट उभा राहिला. हे सगळे खुल्या परवान्याचे. मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्ता, बलू, मोदक हेही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. मोदक तर नावासारखाच गुबगुबीत आहे, पण तो फक्त मोठ्या शीर्षकाला. मोदकमध्ये अख्खा परिच्छेद लिहिलात तर वाचणाऱ्याला अजीर्ण होईल.

परवान्याचं लगे हात सांगून टाकतो. लॅपटॉपवर विकत घेतलेला फॉन्ट सर्व्हरवर टाकणं म्हणजे जगाला वाटणं. त्यासाठी बऱ्याचदा वेगळा वेब परवाना लागतो. माझ्या त्या फुकटवाल्या झकास फॉन्टचा परवाना नंतर वाचला, तर ‘फक्त खाजगी वापरासाठी’. म्हणजे सगळी मेहनत करून तो काढावाच लागला.

पुढचा मुद्दा वजनाचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुम्ही सगळे फोनवरच आहात.

देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा बरीच जड असते, जोडाक्षरांची चित्रं शेकड्यांनी असतात म्हणून. आता आपल्या बऱ्याच प्लॅनमध्ये काय होतं? दिवसाचा डेटा संपला की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. हे ६४ किलोबिट, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. समजा तुमच्या फॉन्टची एक फाइल १०० किलोबाइटची आहे. नुसती ती उतरायला साडेबारा सेकंद. आणि आपण काय करतो? लाइट, रेग्युलर, मीडियम, बोल्ड, सगळंच घेतो, असू दे म्हणून. मुक्ताची सात वजनं आहेत, सगळी टिक केली की आपल्याला श्रीमंत वाटतं. चार फाइल म्हणजे पन्नास सेकंद. रात्री अकराला दुकानाचा फोन नंबर शोधणारी पोरगी पन्नास सेकंद थांबेल?

त्यात आणखी एक. फॉन्ट येईपर्यंत ब्राउझर अक्षरं लपवून ठेवतो, साधारण तीन सेकंद. पान उघडलंय, रंग दिसतोय, फोटोची चौकट दिसतेय, आणि मजकूर गायब. हे टाळायला फॉन्ट-डिस्प्ले नावाची सूचना आहे, तिथे स्वॅप लिहायचं. मग ब्राउझर लगेच फोनच्या फॉन्टमध्ये मजकूर दाखवतो आणि तुमचा फॉन्ट आला की बदलतो. बदलताना ओळी जरा उड्या मारतात. मारू देत. कोऱ्या पानापेक्षा बरं. फारच खुपत असेल तर साइज-ॲडजस्ट नावाची सोय आहे, दोन्ही फॉन्टचं माप जुळवायला.

फाइल हलकी करायचा चांगला मार्ग म्हणजे युनिकोड-रेंज. इंग्रजी अक्षरांची फाइल वेगळी, देवनागरीची वेगळी, आणि ब्राउझरला सांगायचं की कुठली अक्षरं कुठल्या फाइलमध्ये आहेत. पानावर जे लागेल तेवढंच तो उतरवतो. गूगल फॉन्ट्स हे आपणहून करतं. स्वतः करणार असाल तर त्या रेंजमध्ये देवनागरीबरोबर झेडडब्ल्यूजे आणि त्याचा भाऊ झेडडब्ल्यूएनजे, आणि रुपयाची खूण घालायला विसरू नका. मी विसरलो होतो. किमतीसमोर ₹ वेगळ्याच फॉन्टमधून यायचा, पाहुण्यासारखा अवघडून बसलेला.

आणि एक जुना समज: ‘गूगलचा फॉन्ट लावला की तो लोकांच्या फोनमध्ये आधीच असतो, दुसऱ्या साइटमुळे उतरलेला.’ हे पूर्वी खरं होतं. क्रोमने २०२० मध्ये, आवृत्ती ८६ पासून, प्रत्येक साइटची साठवण वेगळी केली. आता तुमच्या साइटसाठी फॉन्ट परत उतरतो. म्हणून मी फाइल स्वतःच्या सर्व्हरवरच ठेवतो. एक जोडणी वाचते.

मी शेवटी किती वजनं ठेवली? दोन. साधं आणि ठळक. ठळक पण खरं ठळक, फाइल असलेलं. टिरोसारख्या फॉन्टला बोल्ड नाहीच, फक्त रेग्युलर आणि इटालिक आहे. तुम्ही तरी बोल्ड मागितला तर ब्राउझर स्वतःच अक्षर जाड करतो, आणि ‘क्ष’, ‘ष्ट्य’ यांच्या पोटातली जागा बुजून शाईचा डाग दिसतो.

डिझाइनवाल्यांसाठी दोन गोष्टी पटकन. इंग्रजी शीर्षकात अक्षरांमध्ये अंतर टाकतात ना, लेटर-स्पेसिंग, ते मराठीला लावू नका. शिरोरेषा तुटते. एका ओळीत लटकलेली अक्षरं एकदम सुटी पडतात, दोरी तुटलेल्या माळेसारखी. आणि ओळीची उंची वाढवा. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये शीर्षकाला १ किंवा १.१ असते. मराठीत ‘कर्तृत्व’ लिहून बघा, वर रफार आणि खाली ऋकार, दोन्ही कापले जातात किंवा वरच्या-खालच्या ओळीत घुसतात. मी मजकुराला १.६ च्या खाली जात नाही. २०२३ मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे बदललं तेव्हा इथल्या बऱ्याच साइटच्या शीर्षकपट्ट्या मी बघत होतो. ‘औरंगाबाद’ एका ओळीत बसायचं, ‘छत्रपती संभाजीनगर’ फोनवर दोन ओळींत गेलं, आणि खालच्या ओळीचा अनुस्वार वरच्या ओळीला चिकटला. त्यामुळे शीर्षकाला दोन ओळींची जागा आधीच धरून चाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला शेवटी कळलं. पुस्तकांची यादी.

काकांकडे यादी तयार होती. डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेली, वर्षानुवर्षं वाढत गेलेली. आणि काकांची एक जुनी साइटही होती, कुणीतरी कधीतरी करून दिलेली, त्यावर हीच यादी. छान मराठीत दिसत होती. मी म्हटलं, सोपं काम, कॉपी-पेस्ट. पेस्ट केली आणि समोर आलं काय? इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, डोक्यावर टोपी असलेली युरोपीय अक्षरं. अर्थ शून्य.

म्हणजे त्या साइटवर मराठी नव्हतंच. आत इंग्रजी कचरा होता आणि वर कस्टम फॉन्टचा मुखवटा. युनिकोड रुळायच्या आधी सगळेच असं करायचे. पुण्याच्या मॉड्युलरच्या श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर अख्खी मराठी छपाई चालली, आणि छपाईसाठी ते उत्तम होतं, कागदाला आत काय साठलंय याच्याशी देणंघेणं नाही. वेबवर इंटरनेट एक्सप्लोररने १९९७ साली, चौथ्या आवृत्तीत, पानाबरोबर फॉन्ट पाठवायची सोय दिली. मराठी साइटना ते वरदान वाटलं. नाहीतर ‘आमचा फॉन्ट डाउनलोड करा’ अशी पट्टी लावावी लागायची. विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्ट आला, कवी आणि अक्षरकार र. कृ. जोशींनी घडवलेला, आणि खरं मराठी साठवण्याचा रस्ता घरोघरी पोचला. पण डीटीपीच्या दुकानातल्या फाइल जुन्याच राहिल्या, आणि नंतरच्या डेव्हलपरनी त्या तशाच उचलून वर फॉन्ट चढवला. दिसतंय ना मराठी? मग झालं.

काय झालं ते बघा. त्या साइटवर ‘गणित’ शोधा, सापडत नाही. गूगलला ते पान मराठी आहे हेच माहीत नाही, त्यामुळे ‘जुनी पुस्तकं औरंगपुरा’ शोधणाऱ्याला ते कधीच दिसलं नाही. व्हॉट्सॲपवर नाव कॉपी करून पाठवलं तर समोरच्याला कचरा. कुणी दृष्टिहीन विद्यार्थी टॉकबॅक लावून पान ऐकेल तर फोन त्याला डॉलर, कंस, एस, एफ वाचून दाखवणार. काकांची समजूत होती की ऑनलाइन धंद्यात दम नाही. दुकान इंटरनेटवर कित्येक वर्षं उघडं होतं, पण शटर आतून बंद.

तुमच्या साइटवर हा मुखवटा आहे का, ते ओळखायला दहा सेकंद लागतात. एक ओळ कॉपी करा, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी आलं तर ठीक. कचरा आला तर फॉन्ट कितीही सुंदर असो, आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा.

आणण्याची साधनं आहेत, पण प्रत्येक जुन्या फॉन्टची सांकेतिक मांडणी वेगळी, त्यामुळे फॉन्टचं नेमकं नाव माहीत पाहिजे. वेलांटी आणि रफार जागेवर हलवावे लागतात, कारण जुन्या फाइलमध्ये ते दिसण्याच्या क्रमाने साठलेले असतात. माझे दोन शनिवार-रविवार गेले. मशीनने बरंचसं नीट केलं, उरलेलं काकांनी आणि मी ओळ ओळ वाचून. सगळ्यात जास्त चुका कुठे होत्या सांगायची गरज आहे का? ऱ्या.

आता नवीन फॉन्ट निवडला की मी एक वाक्य टाकून बघतो. घ्या लिहून: ‘औरंगपुऱ्यात श्रद्धाच्या वैशिष्ट्यपूर्ण कर्तृत्वाचा ॲटलस ज्ञानेशला ऑफिसात ₹१२५ ला मिळाला, लक्ष्मी मात्र दऱ्याखोऱ्यांत शाल शोधत हिंडली.’ अर्थ विचारू नका. हे वाक्य साध्या फोनवर, दिवसाचा डेटा संपल्यावर, नीट दिसलं तर तो फॉन्ट पास.

काकांच्या साइटला शेवटी शीर्षकासाठी टिरो देवनागरी मराठी, बाकी मजकुराला मुक्ता. तो झकास वळणदार फॉन्ट गेला. परवा काकांचा फोन आला होता. पहिली ऑनलाइन ऑर्डर, वाळूजहून, जुना ॲटलस. मी विचारलं, ‘काका, आता साइट भारी दिसते ना?’

‘ते सोड. घराचा पत्ता कळवताना त्या पोरानं औरंगपुरा परत रफारानंच लिहिलाय बघ. ते तुला करता येतं का बरोबर?’